आमची वाटचाल: कात्रीआधी कंगवा

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी मिळून बडोद्यात लांब केसांच्या कुत्र्यांची निगा राखण्याचं काम करतो. दांडिया बाजारातल्या घराची तळमजल्यावरची खोली हेच आमचं दुकान.

त्याआधी मी एका पशुवैद्यांकडे मदतनीस होते. उन्हाळा लागला की तिथे रोज तेच दिसायचं. गोल्डन, पॉमेरेनियन, ल्हासा, शिह त्झू, कुठलाही असो. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांत केसांचे गठ्ठे. डॉक्टर तरी काय करणार? गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि मशीन फिरवायचं. गठ्ठा निघाला की खाली लाल, ओलसर, कधी चिघळलेली कातडी आणि तिला चिकटलेल्या गोचिड्या. घरच्यांनी रोज दहा मिनिटं कंगवा फिरवला असता तर त्या जिवाचे हे हाल झाले नसते, हे मनातून जाईना. जावेने ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता, तिच्या हाताला कात्री-कंगव्याची सवय होती. सासूबाईंनी एकच अट घातली, केस अंगणात उडता कामा नयेत. खिडक्यांना बारीक जाळी मारली आणि सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की डबल कोटच्या कुत्र्याचं टक्कल करायचं नाही. गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉम यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब आणि राठ, खाली मऊ दाट लव. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून केस उतरवले की त्याला गार वाटेल हा हिशेब माणसाचा आहे. सुटलेली लव विंचरून काढली की कातडीपर्यंत हवा खेळते आणि वरचा थर ऊन अडवतो. तो थरच उतरवला तर मे महिन्यात, पारा 40 च्या वर असताना, ऊन थेट कातडीवर पडतं. शिवाय परत येताना लव आधी वाढते, राठ केस मागून येतात. काही हस्की आणि पॉमचे तर महिनोन्महिने येतच नाहीत.

हे सगळं गिऱ्हाइकाला पटवणं सोपं नव्हतं. ‘बेन, उनाळो आवी गयो, बधा वाळ काढी नाखो ने’ (ताई, उन्हाळा आला, सगळे केस काढून टाका ना) म्हणत लोक यायचे आणि आम्ही नाही म्हटलं की दुसरीकडे जायचे. जागेचं भाडं नव्हतं म्हणून आम्ही टिकलो, हे खरं. मग मांजलपूरचे एक आजोबा त्यांचा गोल्डन घेऊन आले. त्यांना म्हटलं, बसा आणि बघा. दुपारभर विंचरून लवेचा एवढा ढीग निघाला की आजोबाच म्हणाले, ‘हे सगळं याच्या अंगावर होतं?’ त्यांच्या सोसायटीतली कुत्री आजही आमच्याकडे येतात.

विंचरण्याची रीत मात्र शिकावी लागते. लोक वरवर ब्रश फिरवतात. कुत्रा चकचकीत दिसतो आणि आत कातडीजवळ गुंता वाढत राहतो. आम्ही एका हाताने केस वर धरतो, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून थोडेथोडे केस खाली ओढत विंचरायचे, मग त्याच्या वरची रेघ. पायापासून सुरू करून पाठीपर्यंत. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच काम झालं. स्लिकर म्हणजे तारांचा ब्रश. त्याच्या तारा बारीक असतात, दाबला तर कातडी खरचटते. म्हणून जाऊ नव्या मुलींना तो आधी स्वतःच्या मनगटावर फिरवायला लावते.

गुंता असेपर्यंत आंघोळ नाही. भिजलेला गठ्ठा वाळताना नमद्यासारखा आवळतो. मुळाशी केस बोटांत घट्ट धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत यायचं. घरी कात्री लावूच नये. गठ्ठ्याबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही. ल्हासा, शिह त्झूची गोष्ट वेगळी. त्यांचे केस वाढतच राहतात, त्यांना आखूड कट आम्ही आनंदाने देतो.

2020 मध्ये दुकान बंद असताना फोनवर व्हिडिओ लावून लोकांना विंचरायला शिकवलं. त्या काळात घरोघरी पिल्लं आली होती. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात तेव्हा गुंता सगळ्यात जास्त होतो, म्हणून पुढचं वर्ष हातघाईचं गेलं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. पाणी ओसरल्यावर चिखलाने जखडलेली कुत्री आली. तेव्हा आमचा नियम आम्हीच बाजूला ठेवला आणि डबल कोटवरही मशीन चालवलं, कारण ओल्या गठ्ठ्याखाली कातडी फार लवकर चिघळते. त्या दिवसांत पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्यात दमट हवेने केस मुळाशी वाळत नाहीत, वास येतो, बुरशी धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर ब्लोअर दिवसभर चालू असतो, पण गरम हवेवर कधीच नाही. आता हाताखाली दोन मुली आहेत. नवीन कुत्रा आला की पहिल्या वेळी त्याच्या माणसाने समोर बसायचं, आमच्यासमोर एक पाय स्वतः विंचरून दाखवायचा. पुढची तारीख त्यानंतरच देतो.