बटन बंद केलं का?

रात्री साडेदहाला आमच्या मामंजींची फेरी सुरू होते. गॅसचा रेग्युलेटर, गच्चीच्या दाराची कडी, पाण्याच्या मोटारीचं बटन, फाटकाचं कुलूप. सगळ्यात शेवटी टीव्हीच्या शोकेसपाशी येऊन राऊटरकडे बघतात. "हे कशाला जळायलंय रातभर?" आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारतात आणि उत्तराची वाट न बघता बटन बंद करतात. मग आतून लेकरांचा ओरडा. त्यांच्या मते हा ओरडा हीच तर बटन बंद करायची खरी वेळ झाल्याची खूण.

मामंजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, गणिताचे मास्तर. त्यांना पटवायचं तर आकड्यांनीच. म्हणून एका दुपारी मी त्यांच्यासमोर ॲडॅप्टर धरला. त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: 12 व्होल्ट, 1 ॲम्पियर. म्हणजे जास्तीत जास्त 12 वॅट, आणि राऊटर तेवढीही ओढत नाही. चला, 10 धरू. चोवीस तासांचे झाले 240 वॅट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. महिनाभर अखंड चालू ठेवला तरी सात-सव्वासात युनिट. रात्रीचे सात तास बंद ठेवून महिन्याला वाचतात जेमतेम दोन. उलट न्हाणीतला गिझर दोन हजार वॅटचा. तो पाव तास चालला की अर्धा युनिट गेला, त्यात राऊटर दोन दिवस चालतो. मामंजींनी चष्मा लावून हिशोब तपासला, बरोबर असल्याचं कबूल केलं आणि म्हणाले, "ते असू दे बाई. पण वापर नसताना चालू ठेवायचं कशाला?"

याला हिशोबात उत्तर नाही. (रिमोटने 'बंद' केलेला सेटटॉप बॉक्सही रात्रभर वीज खातच असतो, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फेरीत आणखी एक थांबा वाढला असता.)

त्यांचंही चुकत नाही म्हणा. परभणीत ज्यांनी लोडशेडिंगची ती वर्षं काढली, ज्यांच्या वावरातल्या मोटारीला लाइट मिळायची ती मध्यरात्री, त्यांच्या हाताला बटन बंद करायचं वळण लागलेलं असतं. माझं वळण उलटं. माझं माहेर लातूर, 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं. आमच्याकडे नळाची तोटी उघडी ठेवून, खाली रिकामी बादली लावून झोपायचे. पाणी कधी येईल याचा नेम नसे. बादलीत धार वाजली की अख्खी गल्ली उठून बसायची. यायची असलेली वस्तू कधीही येऊ शकते, तर वाट मोकळी ठेवावी, हे मी तिथे शिकले. राऊटरचंही मला तसंच वाटतं. फोनचे अपडेट रात्री चार्जिंगला लावल्यावर उतरतात, फोटो रात्रीच वर चढतात, राऊटरचं स्वतःचं सॉफ्टवेअरही बहुधा रात्रीच सुधारतं. बटन बंद असलं की हे सगळं दुसऱ्या दिवशी नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळेला येऊन बसतं.

यांचं कॉलेज झालं त्या काळात सगळं वेगळंच होतं. बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड 2005 च्या जानेवारीत सुरू झालं. पुढे एक प्लॅन आला, त्यात रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे. हे गजर लावून दोनला उठायचे आणि मोडेम चालू करायचे. दिवसा बंद, रात्री चालू. तेव्हाही मामंजी ओरडायचेच, फक्त सकाळी.

आत्याबाईंची हरकत वेगळी आहे. त्यांना कुणीतरी सांगितलंय की वायफायच्या लहरींनी डोकं दुखतं. राऊटरच्या अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि चार पावलं लांब गेलं की तीही फार उतरते. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं, त्यावरून ही सगळी हाकाटी. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. आत्याबाई दारातल्या कुंडीतल्या कोरफडीचा गर रोज सकाळी घेतात. मी गप्प बसते.

पण राऊटरची खरी काळजी घरात कुणी घेत असेल तर त्याच. धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय, गुलाबी कडेचा. फायबर जोडलेलं असल्याचं सांगणाऱ्या पॉन लाइटची हिरवी टिकली त्या जाळीतून दिसते. मे महिन्यात मात्र मला तो रुमाल नको वाटतो. घरगुती राऊटर साधारण 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आणि आमच्याकडे बाहेर पारा 42-43 वर. पत्र्याखालच्या खोलीत विचारूच नका. ॲडॅप्टरच्या आतले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून माझं मत असं, की बंदच करायचा तर रात्री नाही, मे महिन्यातल्या दुपारी करावा, सगळे आडवे झालेले असतात तेव्हा.

आणि वळवाच्या पावसात. इथे मात्र मी मामंजींच्या बाजूची. आभाळ काळवंडून गडगडायला लागलं की बटन बंद करून भागत नाही, ॲडॅप्टर भिंतीतून उपसायचा. जुन्या तांब्याच्या फोन लाइनवरून वीज थेट मोडेमपर्यंत यायची, आणि पहिल्या पावसानंतर रिपेअरवाल्याकडे जळक्या मोडेमची रास लागायची. फायबर म्हणजे काच, तिच्यातून करंट येत नाही. पण खांबावरून आलेल्या त्या काळ्या वायरीत ताण सोसायला बहुतेक वेळा पोलादी तार असते, आणि ॲडॅप्टर तर घरच्या लाइटलाच जोडलेला. वीज जवळ आली का हे सांगणारं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप माझ्या फोनमध्ये आहे. ते बघायला नेट लागतं, म्हणून राऊटर काढल्यावर मोबाइल डेटा चालू करायचा. मामंजींना हा प्रकार फार आवडला नाही, पण ॲप आवडलं. आता जून लागला की वावरात निघायच्या आधी ते माझा फोन मागून घेतात.

मागच्या उन्हाळ्यात यांनी एक मिनी यूपीएस आणला, वहीएवढा डबा. लाइट गेली की राऊटर त्याच्यावर तीनेक तास चालतो. पंखा थांबलेला, घामाच्या धारा लागलेल्या आणि नेट मात्र ठणठणीत, असा देखावा आमच्या घरात पहिल्यांदाच आला. त्या रात्री मामंजींनी नेहमीप्रमाणे बटन बंद केलं आणि दोन पावलं जाऊन परत आले. टिकली हिरवीच. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. टिकली हिरवीच.

"सूनबाई, बटन बंद केलं तरी चालूच हाय की हे!"

मी बॅटरीचं सांगितलं. भिंतीतून येणारी लाइट तोडली की डबा आपली देतो, तुम्ही बंद केलं की त्याला वाटतं लाइटच गेली. मामंजी डब्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो उलटा केला, बाजूचं बारीक बटन नखाने शोधून काढलं आणि मला विचारलं, "याचं हे बटन रोज दाबलं तर खराब तर नाही ना होणार?"