आमची वाटचाल : कुपवाडची २५ मिलिग्रॅमची व्हायल

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत, एका फाउंड्रीच्या पाठीमागे आमचा गाळा आहे. आम्ही मॅनोज ट्रायफ्लेट बनवतो, म्हणजे एफडीजीचा कच्चा माल. एफडीजी, म्हणजे पेट स्कॅनआधी रुग्णाला टोचतात ते किरणोत्सारी ग्लुकोज, करणाऱ्यांना जास्त सांगायला नको. मॅनोज या साखरेच्या दोन नंबरच्या कार्बनवरचा ट्रायफ्लेट गट सुटतो, फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू मागच्या बाजूने येऊन बसतो आणि मॅनोजचा ग्लुकोज होतो. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरची गाठ उजळते, त्याची सुरुवात आमच्या पांढऱ्या पावडरीतून होते.

सांगलीतून हा धंदा कसा चालेल, असं सगळे विचारायचे. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईहून सांगलीला सात तास धरले, तर पोचेपर्यंत जेमतेम चौदावा हिस्सा उरतो. म्हणून फ्लोरिन-१८ बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, रुग्णाजवळच हवा. आमची पावडर मात्र उणे २० ला महिनोन्‌महिने टिकते, ती कुठूनही पाठवता येते. हे गणित अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे थोरले मेहुणे आणि पहिले भागीदार. रोटाव्हॅप, म्हणजे द्रावक उडवून लावायचं यंत्र, त्यांनी जुन्या बाजारातून आणला आणि कार्ल फिशर या ओलावा मोजायच्या यंत्रासाठी वहिनींच्या पाटल्या मोडल्या. ते कार्ल फिशर आजही रोज वापरात आहे, कारण ट्रायफ्लेटचा मोठा वैरी म्हणजे ओलावा.

२०१९ च्या जुलैत एफडीजी बनवणाऱ्या एका मोठ्या युनिटने अख्खा लॉट परत पाठवला. यील्ड, म्हणजे हाती येणारं एफडीजी, पडलं, पावडर खराब, एवढंच लिहिलं होतं. आमच्या स्पर्धकाने तेवढ्यात फोन फिरवले, 'हळदीच्या गावातून हळदच घ्यावी.' हे वाक्य मी विसरलेलो नाही. दोन ऑर्डरी रद्द झाल्या, बँकेचा हप्ता थकला.

त्याच लॉटचे राखीव नमुने तपासायला मुंबईला पाठवायचे ठरवलं, तर ऑगस्टमध्ये महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. रस्ते बंद, कुरिअर बंद, वीज नाही. कुपवाड उंचावर, आमच्याकडे पाणी आलं नाही, पण जनरेटरला डिझेल मिळेना. अण्णा फ्रीझरशेजारी सतरंजी टाकून झोपायचे आणि झाकण कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

पाणी ओसरल्यावर नमुने मुंबईच्या एका मॅडमकडे गेले. पहिल्या लॉटपासून त्या आमच्याकडूनच घेतात. एफडीजीचं काम रात्रीचं, त्यामुळे त्यांचा फोन पहाटे चारला आला, "यील्ड नेहमीसारखंच आहे हो, तुमच्या पावडरीत काही नाही." अण्णा फोन ठेवून रडले. पुढे त्याच मोठ्या युनिटमधल्या एका मुलाने सांगितलं, की सायक्लोट्रॉनच्या टार्गेटमधलं ओ-१८ पाणी, ज्यापासून फ्लोरिन-१८ बनतो, ते नीट शुद्ध न करता पुन्हा वापरत होते. त्या युनिटने नंतर ऑर्डर दिली, पण चूक झाली असं एका ओळीनेही कळवलं नाही.

नव्याने या कामात येणाऱ्या मुलांना सांगतो, फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतला ओलावा थेट पावडरीवर बसतो आणि मग दोष आमच्या माथी येतो. आणि प्रत्येक लॉटचा नमुना जपून ठेवा, जागा अडते म्हणून फेकू नका.

मधली वर्षं बरी गेली. अण्णा आता नाहीत. त्या परत आलेल्या लॉटच्या तीन व्हायल मात्र खालच्या खणात, उणे २० ला, अण्णांच्या अक्षरातल्या लेबलासह ठेवल्या आहेत. ज्यांना तपासायच्या असतील त्यांनी कुपवाडला यावं.