पाटणचा सहस्रलिंग तलाव: पाण्याच्या वाटेने चालत

गुजरातमधल्या पाटणला येणारे बहुतेक जण राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर पाहून परत फिरतात. आम्हीही तेच करणार होतो, पण बाबांनी सहस्रलिंग तलावाचा हट्टच धरला. ते निवृत्त कालवा निरीक्षक. वाव तासाभरात उरकली आणि जवळच असलेल्या या कोरड्या तलावात आमचे तीन तास गेले.

सोलंकी राजा सिद्धराज जयसिंहाने 12व्या शतकात हा तलाव बांधवला. आज पाणी नाही, आणि जाणाऱ्यांच्या दृष्टीने तेच बरं आहे, कारण एरवी पाण्याखाली राहिलं असतं ते सगळं उघडं दिसतं. 1942-43 च्या उत्खननात हा भाग मोकळा झाला.

माझा आग्रह एकच: जिथून पाणी आत यायचं तिथूनच बघायला सुरुवात करा. सरस्वती नदीचं पाणी कालव्याने आधी रुद्रकूपात यायचं. साधारण 40 मीटर व्यासाचा हा गोल, दगडी पायऱ्यांचा कुंड. बाबा काठावर उभे राहून म्हणाले, "पाण्याला इथे आधी दमवलंय." पुराचं पाणी गढूळ आणि वेगाचं. कुंडात ते पसरलं की वेग मोडतो आणि गाळ तळाशी बसतो. गाळ काढायचाच झाला, तर एवढासा कुंड उपसायचा. अख्खा तलाव नव्हे.

पुढच्या दगडी बांधकामात तीन गोल मोऱ्या कोरल्या आहेत. माझ्या लेखी संपूर्ण तलावात पाहण्यासारखी हीच जागा. उघड्या चरातून पाणी चढलं की प्रवाह बेसुमार वाढतो. मोरीचं तसं नाही. ती पाण्याखाली बुडाली की वरच्या पाण्याची उंची चौपट झाली तरी प्रवाह जेमतेम दुप्पट होतो. बाबांनी हा हिशेब तिथेच काडीने मातीत मांडून दाखवला. नोकरीभर त्यांनी लोखंडी दारं फिरवली; इथे दगडाचं भोकच पाण्याला आवर घालतं, हे पाहून ते बराच वेळ गप्प होते.

मोऱ्यांच्या पुढे पाणी तलावात जातं. काठावर शिवमंदिरांचे अवशेष आहेत. तलावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. 1561 मध्ये अकबराचा पालक बैरामखान याचा खून याच तलावापाशी झाला.

सावली जवळपास नाहीच, तेव्हा हिवाळ्यात जा, तेही सकाळी. पाणी बरोबर असू द्या. चपला नकोत, बूट घाला: काटे आहेत आणि दगड निसटते आहेत. वृद्ध माणसं असतील तर रुद्रकूपात उतरण्याऐवजी काठावरूनच फेरी मारा, मोऱ्या तिथूनही दिसतात. अहमदाबादहून पाटण सुमारे 125 किलोमीटर. परतताना मोढेऱ्याचं सूर्यमंदिर साधता येतं, पण त्यासाठी पहाटेच निघावं लागेल. आम्हाला ते जमलं नाही. बाबांना मोऱ्यांपाशी पुन्हा एकदा जायचं होतं.