हॉपरमधली पांढरी पूड

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी लाकडाचा भुसा आणि पॉलिप्रोपिलीन हे प्लॅस्टिक वितळवून एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा दोन महिन्यांत आटपेल असं वाटलं होतं. वखारीतून आंब्याचा भुसा आणला, चाळला, वाळवला. तिथपर्यंत काहीच अडलं नाही.

लाकडाच्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल (OH) गट असतात, त्यामुळे त्याला पाणी प्रिय. पॉलिप्रोपिलीनला पाण्याचं वावडं. दोघांमध्ये मध्यस्थ म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन घालतात, त्याला आम्ही मॅप म्हणतो. अनहायड्राइड लाकडाशी एस्टर नावाचा रासायनिक बंध करतं, उरलेली साखळी प्लॅस्टिकमध्ये गुंतते. मी 3 टक्के घातलं. पट्ट्या ताणून पाहिल्या, तर मॅप नसलेल्या पट्ट्यांइतक्याच ताकदीला तुटल्या.

5 टक्के केलं. तेच. सर म्हणाले, भुसा दमट असेल. 105 अंशांवर 24 तास वाळवला. मग मिश्रण वितळवणाऱ्या मशीनचा स्लॉट, म्हणजे वापरायची पाळी, पंधरा दिवसांनी! तापमान चढवून पाहिलं, तर 200 अंशांच्या आसपास भुसा करपून खोलीभर जळका वास. पुन्हा पंधरा दिवस. मॅप महाग, स्लॉटचे पैसे वेगळे, आणि घरून रोज फोन, "झालं का गं?"

तिसऱ्या महिन्यात मी सहज हॉपरपाशी, म्हणजे मशीनमध्ये माल ओततात त्या नरसाळ्यापाशी, उभी होते. ऑपरेटर काकांनी वाटीभर पांढरी पूड आत लोटली.

"काका, हे काय?"

"झिंक स्टिअरेट. त्याशिवाय डायमधून, म्हणजे साच्याच्या तोंडातून, माल सरकत नाही. सगळ्यांच्याच मालात टाकतो."

सगळ्यांच्याच! माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती, त्यांच्या वहीत तर नव्हतीच. धातूचं स्टिअरेट अनहायड्राइडलाच जाऊन भिडतं, म्हणजे मध्यस्थ लाकडापर्यंत पोचण्याआधीच अडवला जात होता. पुढची बॅच धातू नसलेलं, एस्टर जातीचं लुब्रिकंट (वंगण) घालून काढली आणि ताकद वाढली. आधीच्या तुटलेल्या पृष्ठभागावर मायक्रोस्कोपखाली तंतू निसटून गेल्याची स्वच्छ भोकं दिसायची. आता तंतू जागच्या जागी तुटलेले दिसले. मी तो फोटो आईला पाठवला, तिला काही कळलं नाही.

हो, एक राहिलं. कडकपणा, म्हणजे पट्टी सहज न वाकणं, वाढला म्हणून खूश होऊ नका. तो नुसत्या भुशानेही वाढतो, चिकटण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मी त्यातच फसले होते. आणि वाळवलेला भुसा हवाबंद डब्यातच ठेवा, जुलैत एका रात्रीत तो पुन्हा दमट होतो.

आता माझा स्लॉट असला की मी हॉपरशेजारी स्टूल टाकून बसते. काका रागावतात.