दुसऱ्या पडद्याला किल्ली लागेना

चित्रपट महोत्सवाच्या काळात आमचा रेडिओवरचा संध्याकाळी 6 चा कार्यक्रम 28 मिनिटांचा असतो. साडेसहाला बातम्या, त्यामुळे तो अर्धा मिनिटही लांबवता येत नाही. त्या दिवशीच्या क्यू शीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटागणिक आराखड्यात, 7 मिनिटं एका समीक्षकाशी थेट गप्पांसाठी राखली होती. चित्रपटाचा जागतिक प्रीमियर साडेतीनला, लांबी 104 मिनिटं. सव्वापाचच्या सुमारास सुटला की समीक्षक लॉबीतल्या आमच्या टेबलावर येणार होते.

पहिल्या पडद्याचा प्रोजेक्टर ऐनवेळी बंद पडला. खेळ शेजारच्या पडद्यावर हलवला, तर तिथं चित्रपट उघडेना. चित्रपटाची डीसीपी, म्हणजे शेकडो जीबींचा कुलूपबंद संच, दोन्ही सर्व्हरवर उतरवून ठेवली होती. अडलं ते किल्लीशी. ही किल्ली, म्हणजे केडीएम, काही केबींची फाइल असते आणि ती एकाच मीडिया ब्लॉकच्या (चित्रपटाचं कुलूप उघडून तो दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रमाणपत्रावर बांधून बनवतात. दुसऱ्या यंत्राला ती लागत नाही. शिवाय ती कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत चालेल हेही तिच्यातच ठरलेलं असतं. नवी किल्ली देणारी प्रयोगशाळा दुसऱ्या खंडात, तिथं पहाट. प्रीमियरच्या चित्रपटासाठी राखीव पडद्याचीही किल्ली आधीच मागवून तपासून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

खेळ सुरू व्हायला 5 वाजले, म्हणजे संपणार पावणेसातला. नुसता उशीर असता तर समीक्षकांना आम्ही दुसरं काही विचारलं असतं. त्यांनी चित्रपट आदल्या दिवशी पत्रकारांच्या खेळात पाहिलेलाही होता. पण प्रीमियर पूर्ण होईपर्यंत परीक्षण प्रसिद्ध करायचं नाही, ही निर्मात्यांची लेखी अट होती, आणि रेडिओवर बोललेला शब्दही त्यात येतो. ‘थोडक्यात सांगा, आवडला का?’ एवढं विचारलं तरी अट मोडते. ती 7 मिनिटं कार्यक्रमातून काढावीच लागली.

हाताशी होती ती सकाळी ध्वनिमुद्रित केलेली त्या चित्रपटाच्या ध्वनिसंयोजकाची मुलाखत. रेडिओच्या श्रोत्याला समीक्षेपेक्षा तीच जास्त जवळची, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मुलाखत लॉबीत घेतली नव्हती, कारण तिथं स्पीकरवर सतत संगीत असतं. बोलण्यामागे संगीत असलं की वाक्य कापताच सूर तुटतो आणि काप उघडा पडतो. म्हणून जिन्याखालची गालिचा घातलेली खोली, माइक तोंडापासून वीतभर, पाहुणा आणि दुभाषी यांचे ट्रॅक वेगळे, आणि शेवटी सगळ्यांनी गप्प बसून घेतलेली मिनिटभराची खोलीची शांतता. संकलनात काप झाकायला ती शांतता लागतेच. डिजिटल कोऱ्या शांततेनं काप झाकला, तर कानाला वाटतं प्रक्षेपण तुटलं.

मूळ बोलण्यावर भाषांतराचा आवाज बसवताना आधी मूळ बोलणं 3-4 सेकंद पूर्ण पातळीवर ऐकू द्यायचं, मग साधारण 15 डेसिबलनं खाली न्यायचं आणि वाक्य संपताना पुन्हा वर आणायचं. भाषांतर मूळ बोलण्यापेक्षा बहुधा लांबतं, त्यामुळे आधी आशय कापायचा, मग वाचायचं. घाईनं वाचलेलं भाषांतर श्रोता सोडून देतो.

खरी झुंज चित्रपटाच्या तुकड्याशी होती. प्रसिद्धीसंचातल्या दृश्यात एक पात्र कुजबुजतं आणि मागे पावसासह वाद्यवृंद वाजतो. चित्रगृहात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो, अंधार असतो, बाकी आवाज नसतो. त्याच मिश्रणाचं स्टिरिओ करून स्वयंपाकघरातल्या किंवा गाडीतल्या रेडिओवर सोडलं, की कुजबुज बुडते. सगळ्या तुकड्याचा आवाज वाढवून काही साधत नाही. वाद्यवृंद अंगावर येतो आणि लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं यंत्र, त्याला दाबताना संवादही दाबतो. आमच्याकडं 5.1 फाइल होती, म्हणजे मधला, डावा-उजवा, मागचे दोन आणि खर्जाचा अशा सहा वेगळ्या वाहिन्यांची. त्यातली मधली वाहिनी वेगळी काढली, संवाद ओळीगणिक हातानं 6 ते 8 डेसिबल उचलला, डाव्या-उजव्या वाहिन्या खाली ठेवल्या, मागच्या जवळजवळ बंद केल्या. मग पूर्ण तुकडा आमच्या उणे 23 एलयूएफएसच्या (कानाला सरासरी किती मोठा आवाज जाणवतो त्याचं माप) पातळीला आणला. फक्त स्टिरिओ फाइल असती, तर ते दृश्य सोडून दुसरं घ्यावं लागलं असतं. प्रसिद्धीसंच मागतानाच 5.1 किंवा स्वतंत्र संवाद-ट्रॅक मागावा, तो असा वेळेला उपयोगी पडतो.

पोकळी भरली ती अशी: मुलाखत 4 मिनिटं 10 सेकंद, तुकडा 1 मिनिट 20 सेकंद, आणि उशिराबद्दल लॉबीतून निवेदिकेचं दीड मिनिटाचं थेट निवेदन. त्या निवेदनात किल्लीची भानगड तिनं नीट समजावून सांगितली. पुढच्या खेळासाठी रांगेत उभ्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांना ती तोवर कुणी सांगितलीच नव्हती.

समीक्षकांचा भाग रात्रीच्या सभेत गेला. मागणीनुसार ऐकण्याच्या आवृत्तीत मात्र चित्रपटाचा तुकडा ठेवता आला नाही: त्यातल्या संगीताची परवानगी प्रक्षेपणापुरती होती, इंटरनेटवर साठवून ठेवण्यासाठी ती वेगळी घ्यावी लागते. त्या जागी निवेदिकेनं दृश्याचं वर्णन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं.