हिशोबाची वही

आंबा उरकला, बागेतल्या नेपाळी गड्यांचा हिशोब सुरू. आज पुन्हा तेच: वहीत तिघांच्या नावापुढे नुसतं ‘गुरखा’. एकाची उचल दुसऱ्याच्या खाती चढते, मग वाद, मग ‘ही माणसंच तशी’. खोट वहीत, खापर वंशावर!

पूर्ण नाव, हजेरी, उचल, सही असे रकाने आखा आणि दर आठवड्याला ज्याचा हिशोब त्याच्यासमोर वाचा. पडवीतला वेगळा कप तर आजच काढता येतो. संशय मात्र चिवट. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी १९२४ सालीच कागदावर खुलं केलं. त्यांना प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडला, वर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ही झालं. म्हणून पेटी कमी भरली तर आधी मोजणी, चलन, किल्ली कोणाकडे होती ते बघा. गड्याची झडती त्याआधी नको.