प्रवर्तकाचं नाव : अख्खं गाव

पर्यावरणाला धरून धंदा करणाऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. पावसाळा सरत आला की आम्ही गाडी काढतो आणि अर्जदारांना त्यांच्या जागी जाऊन भेटतो. लोकांना वाटतं, हिशेब तपासायला जातो. हिशेब ई-मेलनं येतात. बघायचं असतं ते मालक बाजूला गेला की कामगार काय बोलतात, कच्चा माल कशावर ठेवलाय आणि बायकांसाठी संडास आहे की नाही.

यंदाचा रस्ता नागपूर, वर्धा, चंद्रपूर. वाटेत मोहाचे लाडू विकणारा एक तरुण भेटला. त्याचं सादरीकरण इतकं देखणं की माझा मुंबईचा सहकारी तिथंच होकार देऊन मोकळा होणार होता. मोह कुठल्या गावातून येतो हे मात्र त्या तरुणाला फोन करून विचारावं लागलं.

मग गोंडपिपरीच्या बाजूचं ते गाव. अर्जदार ग्रामसभा, धंदा बांबूचा.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरला. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव तो तोडून विकू शकतं. हे कायद्यात आलं म्हणून लगेच घडलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हक्क मिळाले २००९ मध्ये, पण वनखात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाडच. माल जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती पडलं एप्रिल २०११ मध्ये, तेही केंद्रीय मंत्री जातीनं आले तेव्हा. बाकीची गावं त्या वाटेनं मागून आली.

आम्हाला आधी जंगलात नेलं. मी बरीच कार्यालयं पाहिलीत, पण कामाचे नियम इतके स्वच्छ कुठं ऐकले नाहीत. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही, त्याहून जुना तेवढा काढायचा. तोड जमिनीला लागून नाही, थोडी वर, आणि गाठीच्या अगदी डोक्यावर. गाठीच्या फार वर तोडलं तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचतं आणि बेट सडायला लागतं. एका बाजूनं आत शिरायचं, घोड्याच्या नालेसारखी वाट करायची, कडेचे कोवळे तसेच राहू द्यायचे. नवे वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेले होते. माझ्यासोबतच्या बाईंनी गेल्या हंगामातला एक चुकीचा खुंट दाखवला आणि तोडणाऱ्याचं नावही सांगितलं. तो आमच्या मागेच चालत होता. त्याची त्या दिवसाची मजुरी कापली होती, तसं नोंदवहीत लिहिलेलं होतं.

त्यांना हवे होते आठ लाख, सहा महिन्यांसाठी. बोलीत माल घेणारा व्यापारी उचल करेल तसे पैसे देतो, आणि तोडणाऱ्यांना मजुरी दर आठवड्याला लागते. मधली फट व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेनं भरली की भावही तोच ठरवतो. म्हणजे कर्ज हवं होतं ते व्यापाऱ्याला नाही म्हणता यावं म्हणून. माझ्या नोकरीत याहून नेमकी मागणी क्वचितच आली असेल.

आमच्या अर्जात एक रकाना आहे : तीन वर्षांत उलाढाल किती वाढवणार? मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "कायले वाढवाचा, ताई? बांबू जेवढा पिकते तेवढाच तुटन."

सहकाऱ्यानं तेंदूपत्त्याचं, म्हणजे विडीच्या पानांचं, सुचवलं, उन्हाळ्यात रोख पैसा येतो म्हणून. दोघीतिघी हसल्या. तेंदू त्यांनी ठरावानं बंद केलाय. नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात आणि त्यात बाकीचं रान जळतं. त्याच तालुक्यातल्या पाचगावनं हे आधीच केलं होतं. येणारा पैसा ठराव करून सोडणारा अर्जदार कुठं लिहायचा, त्याला आमच्याकडे रकाना नाही. 'पर्यावरणीय परिणाम' या रकान्यात सहकाऱ्यानं 'लागू नाही' लिहिलं, कारण झाडं लावलेली नव्हती. गाडीत आमचं त्यावरून वाजलं.

कर्जसमितीनं फाईल परत पाठवली. प्रवर्तक कोण? वैयक्तिक हमी कोणाची? तारण काय? वनहक्काची जमीन कायद्यानं विकता येत नाही, गहाणही पडत नाही. ती तशी आहे हेच बरं, नाहीतर पहिल्या दुष्काळात गेली असती. समितीनं पाच जणांची वैयक्तिक हमी मागितली. ग्रामसभेचं उत्तर आलं : जंगल पाच जणांचं नाही, हमी ठरावानं सगळ्या गावाची. खाली सह्या आणि अंगठे, दोन पानं भरून.

समितीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. पैसे आमचेही नाहीत, ठेवीदारांचे आहेत, आणि व्यापाऱ्यानं मधेच हात वर केले तर आम्ही काय जप्त करणार? मी टिपण दिलंय : व्यापाऱ्याचे पैसे संयुक्त खात्यात यावेत, त्यातून आधी आमचा हप्ता वळता व्हावा, मग उरलेलं गावाला. व्यापारी पळाला तर काय, या प्रश्नावर त्यात फक्त बोलीच्या अनामत रकमेचा आधार आहे, आणि तो अपुरा आहे हे मलाही दिसतं. लाडूवाल्याचं कर्ज मात्र मंजूर झालं, त्याच्या वडिलांचा फ्लॅट तारण आहे.

पुढची बैठक दिवाळीनंतर. तोड त्याच सुमारास सुरू होते. बैठक आठवडाभर जरी पुढं गेली, तरी गाव व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घेईल. तसं त्यांनी मला फोनवर सरळ सांगितलंय.